घरी पाहुणे येणारेत? गोड आणि तिखट भरलेली फळं करा, पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी सगळं एका जागी

भिशी असो, हळदीकुंकू, केळवण, डोहाळजेवण, नाहीतर नुसतं संध्याकाळी चार माणसं गप्पा मारायला येणारेत म्हणून असो, आपल्याकडं पहिली प्लेट ठरलेलीच असते. भजी, चिवडा, वेफर्स आणि फार तर पनीरचं काहीतरी. त्यात वाईट काही नाही, पण एप्रिल-मेमध्ये सोलापुरात कढईसमोर उभं राहून घाणे काढायचे म्हणजे पाहुणे यायच्या आधी यजमानच आडवा. भरलेल्या फळांचं बरं असतंय, निम्मं काम आदल्या रात्री होतं, गॅस लागला तर सारणापुरता लागतो, आणि प्लेट समोर ठेवली की लोक आधी मोबाईल काढतात, मग हात घालतात.

आता खरं काय ते आधीच सांगतो. फळात सारण भरणं कुणालाही जमतं, त्यात काही कला नाही. अवघड आहे ते भरलेलं फळ पाहुणा येईपर्यंत नीट ठेवणं. कापलेलं फळ पाणी सोडतं, त्यात मीठ किंवा साखर पडली की ते पाणी अजून ओढलं जातं, सारण पातळ होतं, फळ मऊ पडतं, सफरचंद-पेरू काळे पडतात आणि आपल्याकडं सातचं सांगितलं की माणसं साडेआठला येतात हे तुम्हाला माहितीच आहे. म्हणून रेसिपीपेक्षा पाणी आणि वेळ या दोन गोष्टींवर लक्ष ठेवा, बाकी सगळं जमतंय.

१. आधी माणसं बघा, मग फळं

बाजारात जायच्या आधी पाच मिनिटं बसून कोण कोण येणारे ते आठवा. हे कुणी करत नाही आणि मग ऐनवेळी पळापळ होते.

कुणाचा उपवास आहे का? एकादशी, चतुर्थी, गुरुवार, काहीतरी असतंच. उपवासाची प्लेट वेगळी ठेवा, त्यात खजूर, केळी असलं काहीतरी, आणि मीठ घालायचं तर सैंधव. जैन मंडळी असतील तर लसूण नको, म्हणजे आपली शेंगा चटणी सरळ बाद, आणि काटेकोर पाळणारे अंजीरही खात नाहीत हे लक्षात ठेवा. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी कुणाला आहे का हे विचारून घ्या, आपल्याकडं सगळ्यातच कूट असतंय त्यामुळं विचारायचं आपल्या डोक्यातच येत नाही. शुगरवाले काका-काकू असतील तर त्यांच्यासाठी पेरूचा तिखट प्रकार जास्त करा, खजुराच्या प्लेटजवळ त्यांना बसवू नका. पाच वर्षांच्या आतलं पोरगं असेल तर द्राक्ष अख्खं द्यायचं नाही, उभं चार भागात कापून द्यायचं, घशात अडकतं. टूथपिकही त्यांच्या हातात नको.

किती करायचं? नंतर जेवण असेल तर माणशी ४-५ नग पुरतात. जेवण नसेल, नुसता चहा असेल तर ७-८ धरा. आणि प्रकार तीनच करा, दोन तिखट एक गोड किंवा उलटं. पहिल्याच वेळी सात प्रकार करायला गेलात की एकही धड होत नाही.

२. मोसमात जे आहे तेच घ्या

सोलापूरला फळांच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत, फक्त आपल्याला त्याचं कौतुक नाही. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा या पट्ट्यातलं डाळिंब, त्याला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं, डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्रसुद्धा आपल्या केगावलाच आहे. करमाळ्याकडं केळी, नान्नजकडं द्राक्षं, पंढरपूर भागात बेदाणा. तरी आपण स्टार्टरला आणतो काय, तर फ्रोझन कटलेट.

हिवाळ्यात, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, मजाच मजा. पेरू, अ‍ॅपल बोर, जानेवारीच्या पुढं महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी. द्राक्षं जानेवारीच्या शेवटापासून चांगली यायला लागतात ती एप्रिलपर्यंत. अंजीर पुरंदरकडून येतं, ते हिवाळ्याच्या शेवटी आणि उन्हाळ्याच्या सुरवातीला बघा. कडक उन्हाळ्यात खजूर आणि तव्यावरची केळी एवढंच धरून चाला, बाकी नाजूक फळांच्या नादाला लागू नका. खजूर आणि केळी बारा महिने.

डाळिंब भरता येत नाही, पण ते सगळ्यावर लागतं. वरून चार दाणे टाकले की साध्या प्लेटचाही चेहरा बदलतो. सोलायची सोपी पद्धत: वरचा मुकुट कापा, आतल्या पांढऱ्या पडद्यांच्या रेषेत सालीला उभ्या चिरा द्या, पाण्याच्या पातेल्यात धरून उघडा. दाणे खाली बसतात, पांढरी सालं वर तरंगतात. भिंतीवर आणि शर्टावर डाग पडत नाहीत हा बोनस.

फळ घेताना एकच नियम, खायला घेता त्यापेक्षा दोन दिवस कच्चं घ्या. पेरू दाबून दबला की भरायच्या कामाचा नाही. केळ्याची देठं हिरवट पाहिजेत. द्राक्ष टणक आणि लांबट पाहिजे, आपल्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी काढलेलं सोनाका द्राक्ष याला एकदम बेस्ट, लांब असल्यामुळं उभी चीर नीट बसते. लक्ष्मी मंडईत फळवाल्याला सरळ सांगा की भरायला पाहिजेत, कडक द्या. नाहीतर तो प्रेमानं पिकलेलं निवडून देतो. माणसं जास्त असतील तर मार्केट यार्डात पेटी घेतलेली परवडते, पण पेटीतला तळाचा थर बघूनच घ्या.

३. सामान आणि हत्यारं

विशेष काही लागत नाही, पण हे सगळं आधी ओट्यावर काढून ठेवा:

- बारीक टोकाची धारदार सुरी. बोथट सुरीनं फळ चिरत नाही, चेंगरतं.
- छोटा चमचा, कडा जरा पातळ असलेला. स्कूपर असेल तर उत्तम, नसेल तर अडत नाही.
- दोन-तीन कोरडी सुती फडकी. जुनं धुतलेलं धोतर किंवा पंचा सगळ्यात भारी.
- चक्का टांगायला मलमलचं कापड, चाळणी आणि खाली पातेलं.
- झाकणाचे घट्ट डबे, सारणाला एक-एक.
- झिपवाली प्लास्टिक पिशवी. सारण भरून कोपरा कापला की झाला कोन.
- टूथपिक.
- खलबत्ता. मिक्सर चालतो पण मजा नाही, ते पुढं सांगतो.
- लिंबं, ४-५ तरी.

१०-१२ माणसांना अंदाज: खजूर २५-३०, मध्यम पेरू ४, द्राक्षं अर्धा किलो, केळी ६, खवा २०० ग्रॅम, पनीर २०० ग्रॅम, दही १ किलो, शेंगदाणे पाव किलो. यातलं सगळं नाही, निवडलेल्या तीन प्रकारांपुरतंच आणा.

आणि हो, तुमच्याकडं नळाला रोज पाणी येत नसेल तर फळं धुवायचं काम पाण्याच्या दिवशी येईल असं बघा. हसू नका, द्राक्षं धुवायला किती पाणी लागतं ते धुताना कळतंय.

४. आदल्या रात्री: सारणं

सगळी सारणं आदल्या रात्रीच करायची. एक तर दुसऱ्या दिवशी घाई होत नाही, दुसरं म्हणजे सारण फ्रिजमध्ये रात्रभर राहिलं की घट्ट होतं आणि घट्ट सारण हाच सगळा खेळ आहे.

चक्का. १ किलो घट्ट दही कापडात बांधून चाळणीवर ठेवा, खाली पातेलं, आणि सगळं उचलून फ्रिजमध्ये. खुंटीला टांगायची पद्धत थंडीत ठीक, उन्हाळ्यात टांगलं तर सकाळपर्यंत चक्का आंबट ढाण होतो. साधारण ४०० ग्रॅम चक्का निघतो. झाला का नाही ते बघायला चमच्यात घेऊन चमचा उलटा करा, पडला तर अजून ठेवा. आता महत्त्वाचं, गोड चक्का करायचा असेल तर साखर रात्री घालू नका. साखर पडली की चक्का सैल होतो, श्रीखंड करणाऱ्याला हे माहिती असतंय. भरायच्या अर्धा तास आधी पिठीसाखर घाला, तरी सैल वाटला तर एखादा चमचा दूध पावडर घाला, धरतो.

खव्याचं सारण. २०० ग्रॅम खवा मंद आचेवर परतायचा, तूप सुटायला लागलं आणि हलका गुलाबी झाला की बंद. पूर्ण गार झाल्यावर दोन चमचे पिठीसाखर, बारीक चिरलेला बेदाणा, भाजलेल्या बदामाचे तुकडे, वेलची. गरम असताना साखर घातली तर चिकट गोळा होतो. न परतलेला खवा वापरू नका, चवीला कच्चा लागतो आणि उन्हाळ्यात लवकर बिघडतो.

तिखट सारण, म्हणजे आपलं शेंगा चटणी-पनीर. हे माझ्या मते सगळ्यात भारी आणि बाहेरगावचे पाहुणे याच्यावरच पडतात. शेंगा चटणी घरी असेलच, नसेल तर: १ वाटी भाजून सोललेले शेंगदाणे, ६-७ लसूण पाकळ्या, २ चमचे लाल तिखट, अर्धा चमचा जिरं, मीठ. खलबत्त्यात कुटायचं, शेंगदाण्याला तेल सुटून चटणी जरा ओलसर गोळा व्हायला लागली की थांबायचं. मिक्सरला केली तर बटण दाबून सोड, दाबून सोड असं करा, सलग फिरवलं की लगदा. पनीर फडक्यात गुंडाळून वर पाट्याचा वरवंटा किंवा पाण्यानं भरलेलं पातेलं तासभर ठेवा, जेवढं पाणी निघंल तेवढं काढा. मग हातानं कुस्करून त्यात ३ मोठे चमचे चटणी, एक-दोन चमचे चक्का, कोथिंबीर. मीठ चाखून बघा, बहुतेक वेळा वरून लागतच नाही, चटणीतलं पुरतं. पनीर घरी करणार असाल तर १ लिटर फुल क्रीम दुधाचं साधारण २०० ग्रॅम होतं.

तीळगुळाचं सारण बोरासाठी. अर्धी वाटी भाजलेले तीळ जाडसर कुटून, अर्धी वाटी दाण्याचं कूट, अर्धी वाटी किसलेला मऊ गूळ, वेलची, एक चमचा तूप. हातानं मळून घ्या, लाडू वळता येईल इतपत. गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत घरात हे सगळं पडलेलंच असतंय.

खोबऱ्याचं सारण केळ्यासाठी. १ वाटी ओलं खोबरं, पाऊण वाटी गूळ, बेदाणा, वेलची. कढईत कोरडं होईपर्यंत परता. ओलसर राहिलं तर तव्यावर सगळं बाहेर येतं.

५. त्या दिवशी दुपारी: फळं धुणं, कापणं, कोरडी करणं

धुणं आधी, कापणं नंतर. कापून धुतलं की पाणी आत जाऊन बसतं. द्राक्षं खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात १०-१५ मिनिटं ठेवून मग साध्या पाण्यातून दोनदा काढा. स्ट्रॉबेरी हिरव्या टोपीसकट धुवा, टोपी नंतर काढा. धुऊन झालं की फडक्यावर पसरून पंख्याखाली ठेवा. अंग पूर्ण कोरडं होईपर्यंत सुरीला हात लावायचा नाही.

पेरू: उभे दोन भाग, मधला बियांचा गर चमच्यानं काढा, भिंत साधारण १ सेंटीमीटर जाड ठेवा. पातळ केली तर उचलताना मोडते. प्रत्येक अर्ध्याचे अजून दोन केले की होडीसारखे चार तुकडे पडतात. आतून गुलाबी पेरू दिसायला छान, पण पिकलेला घेऊ नका, मऊ पडतो.

अ‍ॅपल बोर: उभं कापून बी काढा, दोन वाट्या तयार. साल काढायची नाही.

खजूर: एका बाजूनं उभी चीर, बी बाहेर, दुसरी बाजू जोडलेली राहू द्या. मोठा मेडजूल भरायला सगळ्यात सोपा पण खिशाला लागतो. डब्यात येतो तो काळा ओला खजूर चवीला झकास आहे पण हातात चिकटतो, तो घेतलात तर आधी तासभर फ्रिजमध्ये ठेवा, जरा कडक होतो.

द्राक्ष: उभी चीर, पाऊण भागापर्यंतच. आर-पार गेली की दोन फाका हातात.

अंजीर: देठाकडून अधिकच्या चिन्हासारखी चीर, खालून हलकं दाबलं की फुलासारखं उघडतं. हे मात्र वाढायच्या वेळीच.

काळं पडणारी फळं म्हणजे पेरू, बोर, सफरचंद, नाशपाती. यांना १ लिटर पाण्यात २ मोठे चमचे लिंबाचा रस घालून त्यात ३-४ मिनिटं बुडवा, काढा आणि पुन्हा कोरडी करा. हवा लागली की फळातलं एन्झाइम काम सुरू करतं आणि तपकिरी रंग येतो, लिंबाच्या आंबटपणानं ते मंदावतं. अर्धा तास बुडवून ठेवलं म्हणजे जास्त चांगलं असं काही नाही, उलट फळ पाणी पितं आणि सगळं आंबट होतं.

६. भरणं

एक युक्ती सगळ्यांना लागू: ओल्या फळात सारण भरायच्या आधी पोकळीत चिमूटभर कोरडं काहीतरी भुरभुरवा. तिखटाला दाण्याचं बारीक कूट, गोडाला सुक्या खोबऱ्याचा कीस. फळाचं पाणी तिथंच शोषलं जातं, सारणापर्यंत पोचायला वेळ लागतो. तेवढ्यानं अर्धा-पाऊण तास सहज मिळतो.

तिखट पेरू: होडीत कूट, त्यावर चटणी-पनीर दाबून, वर डाळिंबाचे चार दाणे. आणि अगदी शेवटी, म्हणजे प्लेट उचलताना, कडक भाकरी हातानं चुरडून वर टाका. ज्वारीची असो का बाजरीची, घरात डबाभर असतेच. मऊ पनीर, कचकचीत पेरू आणि वर ती कुरकुरीत भाकरी, पुण्याचे पाहुणे विचारत बसतात की हे वरचं काय घातलंय. आधी टाकून ठेवली तर मात्र मऊ पडते, मग काही उपयोग नाही.

तिखट द्राक्ष: चक्क्यात मिरपूड, बारीक चिरलेला पुदिना, भाजलेल्या जिऱ्याची पूड. मीठ भरायच्या मिनिटभर आधी. पिशवीच्या कोनानं भरा, भरलेली बाजू भाजलेल्या पिस्त्याच्या नाहीतर दाण्याच्या भरडीत बुडवा. एक घास, संपला. कामाचा कंटाळा असेल तर चक्क्याऐवजी चीजचा छोटा तुकडा अडकवा आणि टूथपिक लावा, पोरांना तेच आवडतं.

गरम तिखट खजूर: ऐकायला विचित्र वाटतंय पण करून बघा. कुस्करलेलं पनीर, बारीक हिरवी मिरची, जिऱ्याची पूड, लिंबाचे चार थेंब, सैंधव. खजुरात भरून तव्यावर थेंबभर तुपात दोन्ही बाजूनं मिनिटभर. बाहेरून गोड, आतून झणझणीत. उपवासालाही चालतं, फक्त तुमच्या घरी उपवासाला जिरं-मिरची चालते का ते आधी विचारा, घरोघरी कायदे वेगळे.

खव्याचा खजूर: भरा, वर अर्धा बदाम किंवा अक्रोड दाबा, झालं. याच्याइतका बिनधोक प्रकार दुसरा नाही. खजुरात पाणीच कमी, त्यामुळं सुटायचा प्रश्न नाही. पहिल्यांदा करताय आणि धाकधूक वाटतीय तर यानंच सुरवात करा.

तीळगुळाचं बोर: सारण घट्ट दाबून भरा, वर अख्खे तीळ. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हे दिलं तर लोक लक्षात ठेवतात. बोरन्हाणाला सुद्धा चालंल, पण पोरांच्या डोक्यावर ओतायची बोरं वेगळी ठेवा बरं का.

अंजीर किंवा स्ट्रॉबेरी: गोड चक्का, त्यात केशर-वेलची, कोनानं भरायचा. स्ट्रॉबेरीचं टोक थोडं कापलं की उभी राहते, नाहीतर ताटभर लोळत बसते.

तव्यावरची भरली केळी: सालं काढून दीड-दोन इंचाचे तुकडे, मधे उभी चीर पण खालपर्यंत नाही, खोबऱ्याचं सारण हलक्या हातानं भरा. तव्यात तूप, मंद आच, भरलेली बाजू आधी वर ठेवून खालून भाजा, मग हळूच कडेकडेनं फिरवा, ५-६ मिनिटांत तपकिरी रंग येतो. झाकण ठेवू नका, वाफेनं केळं लगदा होतं. हे गरमच वाढायचं असतंय, म्हणून पाहुणे बसल्यावर करा. कोकणात यासाठी राजेळी केळी वापरतात, आपल्या साध्या केळ्यांचं पण होतं, फक्त पिकलेली नकोत.

७. वेळ कशी लावायची

समजा पाहुणे सातला बोलावलेत:

- आदल्या रात्री: चक्का, पनीर दाबणं, सगळी सारणं, शेंगा चटणी, डाळिंब सोलून डब्यात.
- दुपारी ३: फळं धुऊन पंख्याखाली.
- संध्याकाळी ५: खजूर आणि द्राक्षं चिरून ठेवा. खव्याचे खजूर भरून फ्रिजमध्ये टाका, तेवढं काम संपलं.
- ६: बोरं कापून, लिंबाच्या पाण्यातून काढून, कोरडी करून भरा. द्राक्षं भरा.
- पहिला पाहुणा दारात चप्पल काढायलाय तेव्हा: पेरू. खरंच तेव्हाच. सारण तयार असलं की चार पेरूंना दहा मिनिटं लागतात.
- सगळे बसल्यावर: तव्यावरचे प्रकार आणि अंजीर.

उशीर होणार असं कळलं तर भरायचं थांबवा. सारण डब्यात आणि फळ अख्खं असेल तर दोन तास उशिरानं काही बिघडत नाही.

८. इथं हमखास फसतात

कच्चा अननस आणि दूध-दही. अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते दुधातली प्रथिनं तोडतं, मग चक्का-पनीर थोड्या वेळात कडू लागायला लागतं आणि पातळही होतं. पपई आणि किवीचाही तोच प्रकार. अननस वापरायचाच असेल तर तुकडे तव्यावर चांगले गरम करून, गार करून मग भरा, उष्णतेनं ते एन्झाइम मरतं. डब्यातला अननस आधीच उकळलेला असतो, तो चालतो.

केळी फ्रिजमध्ये. साल काळी पडते आणि पाहुण्यांसमोर लाज जाते. बाहेरच ठेवा.

पितळी ताट. फोटोसाठी आजीचं पितळी ताट काढायचा मोह होतोच. कल्हई नसेल तर त्यात दही, लिंबू, आंबट फळ थेट ठेवू नका, धातू आंबटाशी लागतो, चव बिघडते आणि पोटालाही बरं नाही. खाली केळीचं पान घाला, मग खुशाल ठेवा.

बाहेर ठेवायची वेळ. कापलेलं फळ आणि दुधाचं सारण साध्या हवेला २ तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर १ तासच. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढं जातो, तेव्हा एक तास म्हणजे एक तासच. सगळं एकदम मांडू नका, निम्मं बाहेर, निम्मं फ्रिजमध्ये, पहिलं ताट संपलं की दुसरं. लाईट गेली तर फ्रिज सारखा उघडून बघायचा नाही, बंद असला की गारवा टिकतो.

चाट मसाला. लोक वरून सढळ हातानं मारतात. त्यात मीठ असतं, पाच मिनिटांत ताटात तळं साचतं. वाटीत वेगळा ठेवा, ज्याला पाहिजे तो घेईल.

आणि मध. फोटोत छान दिसतो म्हणून सगळ्यावर ओततात, मग बोटं चिकट, सोफा चिकट. खजुरावर तर मध अजिबात नको, आधीच किती गोड असतंय ते.

९. उरलेल्याचं काय

पेरूचा काढलेला गर फेकू नका, पाणी घालून मिक्सरला हलकं फिरवा, गाळा, सैंधव-लिंबू-साखर घाला, त्याच पाहुण्यांना सरबत म्हणून द्या. मिक्सर जोरात फिरवला तर बिया फुटून कचकच होते. उरलेलं चटणी-पनीर दुसऱ्या दिवशी पोळीत भरून रोल नाहीतर पराठा. खव्याचे खजूर फ्रिजमध्ये दोन दिवस राहतात, राहिले तर. भरलेली द्राक्षं त्याच रात्री संपवा. भरलेले पेरू उरले तर सारण वेगळं काढून ठेवू नका, ते फळाच्या पाण्यानं ओलं झालेलं असतं, तसंच खाऊन टाका किंवा सरळ तव्यावर टाकून परता, भाकरीबरोबर तोंडी लावायला होतं. बाहेर तासापेक्षा जास्त राहिलेलं असेल आणि दिवस उन्हाळ्याचे असतील तर मात्र जीव अडकवू नका, टाकून द्या.